ओटीतला पृथ्वीगोल

नेवासा, ६ जानेवारी २०२६

मनवा,

आशीर्वाद तुझ्या भावाकडून घे, मी या वेळी लिहीत नाही. फोनही करणार नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला काय म्हणायचं होतं ते राहून जातं. पत्रात मध्ये बोलता येत नाही, एवढा एक फायदा.

रविवारी पुण्याला तुझ्या सिनेमाच्या खेळाला मी आले आणि मध्यंतरात उठून गेले, हे तुला कळलंच असेल. पाय दुखतात असं शौनकला सांगितलं. पाय ठणठणीत आहेत.

बारावीतली सतरा वर्षांची पोरगी, तिला दिवस गेलेले, आणि त्यावर विनोदी सिनेमा, त्याचं नाव 'चोरओटी'. मला वाटलं होतं, राग येईल तो याचाच. तो काही आला नाही. आजी शेजारणीला सांगते पोरीला गॅस झालाय, चुलता पारावर सांगतो उष्णता झालीय, आणि मग शेजारीण हिंगाष्टक घेऊन आणि चुलत्याचा मित्र सब्जा घेऊन एकाच वेळी दारात उभे राहतात, तिथे मीसुद्धा हसले. तोंडाला पदर लावून हसले, पण हसले.

मग तुझ्या त्या शाळेतल्या बाई आल्या. चष्म्याला काळी दोरी. खडू हातात आला की आधी मोडून दोन तुकडे. पोरींना नावाने नाही, हजेरीच्या नंबराने हाक. "छताकडे काय बघतेस, उत्तर वर टांगलंय का?" आणि उत्तर बरोबर आलं तरी शाब्बास म्हणून नाही म्हणायचं, फक्त "बस खाली." पोरी त्यांना मागून करवत म्हणतात. मला पोरी करवत म्हणायच्या हे मला नोकरीभर ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं हे मात्र रविवारीच कळलं.

सगळं थिएटर हसत होतं. मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्यापुढे एक दाढीवाला तरुण होता, तो मैत्रिणीला म्हणाला, "ती बाई म्हणजे व्यवस्थेचं प्रतीक आहे." नळाला एक दिवसाआड पाणी येतं, गच्चीची गळती तीन वर्षं थांबत नाही, आणि म्हणे मी व्यवस्था. त्याची मैत्रीण म्हणाली, "अशा बायका अजून असतात?" मी त्यांच्या मागेच उभी होते. चहा न घेता बाहेर आले.

तेव्हा माझं एवढंच सांगणं आहे. तुझी ती पोरगी राहू दे, आजी राहू दे, हिंगाष्टकही राहू दे. त्या बाईला सिनेमातून काढ. मी गावात राहते. उद्या भाजीबाजारात मला कुणी करवत म्हटलं तर तू पुण्याहून येणार आहेस का आवरायला?

अंबिका मुळे
निवृत्त शिक्षिका


नेवासा, १८ जानेवारी

मनवा,

शौनकने तुझा निरोप सांगितला. त्याला सांगताना फार गोड वाटत होतं, म्हणून मी दोनदा सांगायला लावला.

म्हणजे सिनेमा दाखवायला घेणारी जी मुंबईची कंपनी आहे, तिचंही म्हणणं आहे की बाईंचा शेवटचा प्रसंग कापा, नाहीतर आम्ही घेणार नाही. सत्तावीस तारखेला त्यांना उत्तर द्यायचंय. आणि तू म्हणालीस, "आईचं आणि कंपनीचं पहिल्यांदाच एकमत झालंय, तर कापूनच टाकते."

हे मला आवडलेलं नाही. माझं जन्मात कुठल्या कंपनीशी एकमत झालेलं नाही. गॅसवाल्याशी नाही, मोबाईलवाल्याशी नाही. यांनाच बरी माझी काळजी वाटायला लागली. त्या शेवटच्या प्रसंगात आहे तरी काय, असं मी शौनकला विचारलं. तो म्हणाला, "अर्ध्यातून उठून येणाऱ्यांना शेवट सांगत नाहीत." तुम्ही दोघं बहीणभाऊ एकाच माळेचे मणी. मी पुन्हा विचारलं नाही.

दुसरी गोष्ट. काल जया आली होती. तुला आठवत असेल, दहावीच्या वर्गात असताना जिचं लग्न लावून दिलं आणि परीक्षेला जी सातव्या महिन्यात येऊन बसली होती ती. बाकात मावेना, म्हणून मी स्टाफरूममधली खुर्ची-टेबल तिच्यासाठी व्हरांड्यात लावलं होतं. हेडमास्तर म्हणाले, शोभत नाही. मी म्हटलं, तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा मग. तू तेव्हा दुसरीत होतीस, शाळा सुटल्यावर माझ्यासाठी थांबायचीस आणि जयाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायचीस. तीच जया आता बचत गटाची अध्यक्ष आहे, स्कूटरवरून फिरते आणि माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते.

तिच्या गटाचं रथसप्तमीला हळदीकुंकू आहे. दरवर्षी वाण म्हणून डबे नाहीतर गाळण्या वाटतात. या वर्षी म्हणे वाण म्हणून तुझा सिनेमा दाखवणार. तूच पाठवणार आहेस, तुमचं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही ते असू दे.

"बाई, तुमी यायचंच," म्हणाली.

मी म्हटलं, "जया, हळदीकुंकवाला मी येत नाही. तुला माहीत आहे."

"हळदीकुंकू न्हाई, पिक्चर हाय."

"दोन्ही एकाच हॉलमध्ये आहे ना?"

त्यावर ती नुसती स्कूटरची किल्ली फिरवत राहिली. ती अशी किल्ली फिरवते तेव्हा समजायचं की ती मनात काहीतरी ठरवते आहे. मग म्हणाली, "तुमी मला व्हरांड्यात बसवलं हुतं. मी तुमाला आत बसवते." मी तिला चहा दिला आणि वाटेला लावलं.

मी जाणार नाही. तुझे बाबा गेल्यापासून मी कुणाच्या हळदीकुंकवाला गेले नाही. कुणी बोलावलं नाही असं नाही, पण बोलावणाऱ्याच्या तोंडावर जे अवघडलेपण येतं ते मला बघवत नाही.

तू कापायची घाई करू नकोस. मी हो म्हटलंय असं समजू नकोस आणि नाही म्हटलंय असंही समजू नकोस.

अंबिका


नेवासा, २५ जानेवारी, रथसप्तमी

मनवे,

गेले होते. आताच घरी आले, चप्पल काढली आणि लिहायला बसले. चहासुद्धा टाकलेला नाही. शौनक उद्या पहाटेच्या एसटीने हे पत्र घेऊन तुझ्याकडे येतोय. तो म्हणाला, "आई, फोन कर ना." फोन केला तर मला रडू येईल आणि तुला वाटेल काहीतरी वाईट झालंय. म्हणून पत्र. नीट वाच, आणि मी सांगेपर्यंत त्या संगणकाला हात लावू नकोस.

मंगल कार्यालय भरलं होतं. नेवाशातल्या होत्याच, शिवाय आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. मी पार मागे, चपलांच्या ढिगाजवळची खुर्ची धरली. जयाची एक पोरगी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन रांगेने लावत आली. माझ्याजवळ आली तशी मीच मान वळवून भिंतीवरचं घड्याळ बघायला लागले, तिला अवघडायला नको म्हणून. ती पुढे गेली. घड्याळ बंद होतं.

मग दिवे मालवले.

आता प्रेक्षकांचं ऐक. पुण्याचे लोक मनात हसतात आणि नंतर चांगलं होतं म्हणतात. इथे हिंगाष्टक नि सब्जा दारात आले तेव्हा मागून आवाज आला, "आता तिसरा येईल एरंडेल घेऊन." आणि खरंच आला ना तुझा तो एरंडेलवाला, तेव्हा हॉल कोसळायचा बाकी होता. चुलता खोटं बोलला की बायका त्याला पडद्यावर शिव्या घालत होत्या. माझी बाई वर्गात आली आणि खडू मोडला, तसा नुसता गलका झाला. निम्म्या हॉलने माझ्याकडे वळून बघितलं. सगळ्या माझ्याच हाताखालून गेलेल्या. म्हटलं, अंबिका, आता उठलीस तर उभ्या गावाला दिसेल. बसून राहिले.

म्हणून शेवट बघितला.

प्रयोगशाळा. ती पोरगी स्टुलावर, गणवेशात. बाईंनी दार लावलं. टेबलावरचं हिरवं कापड काढलं, झटकलं, घडी घातली. पोषण आहाराच्या पोत्यातून ओंजळभर तांदूळ घेतले. नारळ नाही. इकडे तिकडे बघितलं आणि कपाटावरचा छोटा पृथ्वीगोल दांडीवरून उपसला. पोरगी म्हणते, "बाई, हे चालतं का?" आणि बाई म्हणतात, "विचारायचंय कुणाला? दार लावलंय मी." रिकाम्या कपाळाची बाई, लग्न न झालेली पोर, आणि ओढणीच्या ओटीत हिरवं कापड, तांदूळ नि अख्खी पृथ्वी. पोरगी पाया पडायला उठते तर बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "बस खाली."

मनवा, हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरायची चोरओटी, ती सवाष्णीने भरायची, सवाष्णीची भरायची, हे तिथल्या प्रत्येकीला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. मला वाटलं, संपलं. कंपनीचं खरं होतं. आता कुणीतरी उठेल, मग सगळ्या उठतील, आणि माझ्या पोरीचा सिनेमा माझ्याच गावात आपटेल.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून जयाची सासू रंगूबाई ओरडली. तू तिला बघितलेलं नाहीस. पंचक्रोशीत कुणाच्या घरी काय रीत, हे तिला विचारल्याशिवाय लग्नाची सुपारी फुटत नाही. ती म्हणाली,

"आन् सुपारी कुठं हाय?"

कुणीतरी शू केलं. तर आणखी मोठ्याने, "शू काय करती? नारळ न्हाई गावला तर पृथ्वी घातली, त्ये ब्येस झालं. पन हळकुंड-सुपारीबिगर ओटी व्हती व्हय? एवढी शिकलेली बाई, आन् सुपारी इसरली."

हॉल फुटला. अशी हसले मी, की चष्मा दोरीवर लोंबकळला.

मग दिवे लागले आणि जयाने माईक घेतला, म्हणाली मतं सांगा. मी तुला सांगते, अर्धा तास त्या ओटीवरच भांडल्या. तांदूळ की गहू. कापड आधी की फळ आधी. प्रयोगशाळेत सुपारी येणार कुठून, तर एक म्हणाली, शिपायाच्या खिशात असतीच की. पोरीचं लग्न झालेलं नाही यावर कुणी बोललं नाही. बाईच्या कपाळावर कुणी बोललं नाही.

एक सून म्हणाली, ज्याच्यामुळे दिवस गेले त्या पोराला पुण्याला पळवून लावलंत आणि तो सुटला, त्याला परत आणून परीक्षेच्या हॉलबाहेर उन्हात उभा करायला हवा होता. हे मला पटलं. तुझ्या गोष्टीत तो फार स्वस्तात सुटतो. मग साखर कारखान्याच्या बाजूची एक उठली. ऊसतोडीची. माईक धरता येईना तिला. म्हणाली, "माझ्या हातात पंधराव्या वर्षी कोयता दिला आन् सोळाव्या वर्षी पोर. हे हसन्यासारखं न्हाई, मला म्हाईत हाय. पन रडून झालं आमचं. आज लई हसले." आणि बसली. तिला टाळ्या मिळाल्या, आणि ती पदरात तोंड लपवून बसली.

एक बाई मात्र म्हणाल्या, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. नवरा पुढारी आहे त्यांचा, नाव लिहीत नाही. रंगूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "बसत न्हाई तर सरकून घ्या." त्या निघून गेल्या. बाकी कुणी हललं नाही.

आता पुढचं. जयाची थोरली अश्विनी माहेरी आलीय. चोवीस वर्षांची, बीएस्सी होऊन, दोन वर्षं नोकरी करून, मग लग्न. तिसरा महिना लागलाय. तिची चोरओटी संध्याकाळी घरी भरायची होती. रंगूबाईने हुकूम सोडला, सूप हितंच आना. सूप आलं. पाट मांडला. अश्विनी बसली. आणि रंगूबाई मागे वळून, थेट चपलांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "बाई, या."

मी म्हटलं, "रंगूबाई, मी चालत नाही."

"कोन म्हनतं?"

"रीतच आहे."

"रीत मला सांगती? पडद्यावर चालती आन् हितं न्हाई? मंग दोन तास आमाला काय उल्लू बनवलं व्हय?"

जया येऊन माझ्या हाताला धरून मला पुढे घेऊन गेली. माझे पाय खरंच दुखत होते गं. नऊ वर्षांनी माझ्या हातात खण आला. हिरवा, लाल काठाचा. मला वाटलं होतं मी विसरले असेन. हात विसरत नाहीत. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, मग तांदळाच्या ओंजळी. रंगूबाई माझ्या बोटांकडे कोर्टातल्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघत होती. शेवटी म्हणाली, "हं. पडद्यावरच्या बाईपरीस बरी भरली." चोरओटी म्हणायची नि एवढ्या बायकांसमोर भरायची. कुणी कुणाला सांगायचं नाही असं मात्र ठरलं. घरी येईपर्यंत दूधवाल्याने माझं अभिनंदन केलं.

आणि मग ते झालं. अश्विनी ओटी सांभाळत पाया पडायला उठायला लागली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बस खाली."

तू असायला हवी होतीस, मनवा. त्या बायका खुर्च्यांवर हात आपटून हसत होत्या. कुणीतरी मागून ओरडलं, "करवतबाई की जय." मला राग आला नाही. जयाच्या त्याच पोरीने कुयरी पुढे आणली, तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं नाही. आधी हळद, मग कुंकू. घरी येऊन आरशात बघितलं. अजून पुसलेलं नाही.

पुण्याला मी का उठले ते आता सांगते. चष्मा नाही, खडू नाही, करवतही नाही. त्या बाईचं कपाळ रिकामं ठेवलंस, म्हणून उठले. मला वाटलं, माझ्या पोरीने तेवढंसुद्धा हसायला वापरलं. तू ते कशासाठी ठेवलं होतंस ते मध्यंतरानंतर होतं.

कापू नकोस. एक फ्रेम कापू नकोस. कंपनी गेली तर जाऊ दे.

आई


नेवासा, २२ फेब्रुवारी

मनवे,

अनेक आशीर्वाद. आधीच्या पत्रांतले राहिलेले यात धर.

कंपनी गेली, बरं झालं. तू त्यांना लिहिलंस ते शौनकने वाचून दाखवलं. "प्रेक्षकांचं मत आहे की सुपारी कमी पडली, प्रसंग नाही." हे उत्तर छान. बस खाली.

इकडचं काम वाढलंय. जयाचा फोन थांबत नाही. मागच्या आठवड्यात कोल्हारला खेळ झाला, नदीकाठच्या देवळामागच्या पटांगणात. तिथे पुरुषही आले होते. आसाराम म्हणून एक पेरूवाला, बायकोला सोडायला आला आणि शेवटपर्यंत ट्रॅक्टरवर बसून राहिला. मत विचारलं तर म्हणाला, "माझ्या पोरीला दाखवायचा का, ह्याचा इचार करत हुतो. पन आदी माझ्या पोराला दाखवनार." हे मत मी सगळ्यात वर ठेवलंय. शिर्डीच्या फुलवाल्या बायकांनी एकादशी सोडून कुठलाही दिवस चालेल असं कळवलंय. पाथर्डीकडे तोडीच्या टोळ्या परतल्यावर, गुढीपाडव्यानंतर जायचं. सगळीकडे मला नेतात. खेळ संपला की कुणीतरी पोटुशी पाटावर असतेच आणि "बाई कुठंयत" अशी हाक येते. ज्या घरांनी मला इतकी वर्षं अवघडून बोलावलं, ती आता तारीख मागतात. कालच एकीला म्हटलं, या महिन्यात जागा नाही.

सोबतच्या पुडीत एक हळकुंड आणि एक सुपारी पाठवते आहे. पुढचा सिनेमा करशील तेव्हा आधी मला विचार. अर्ध्यातून उठणार नाही.

आणि एक काम कर. सिनेमाच्या शेवटी सगळ्यांची नावं वर सरकत जातात ना, त्यात बाईंचं काम करणाऱ्या नटीचं नाव आहे. तिने चांगलं केलंय, खडू मात्र जरा जोरात मोडते. त्या नावाखाली माझं घाल. मी पहिल्या पत्रात काढ म्हटलं होतं ते विसर. पोरी शेवटपर्यंत बसून राहतात आणि नाव शोधतात, मी दर खेळाला बघते. पूर्ण घाल, मधलं नाव गाळू नकोस. आठवणीसाठी खाली लिहून देते.

अंबिका माधव मुळे